निळा आला म्हणजे चांगलं

श्रावण सरत आला की आमच्या मुलुंडच्या घराचं मागचं दार फुगतं. लावताना ओढावं लागतं, उघडताना खांदा द्यावा लागतो. यंदा खांदा द्यायचं त्राण राहिलं नाही म्हणून सुताराला बोलावलं. त्यानं चौकटीवर बोटाच्या पेरानं दोन-तीनदा टकटक केलं, कान जवळ नेला आणि म्हणाला, "काकू, खालून गेलीय. वीतभर तरी."

"कशावरून?"

"आवाजावरून." मग पटाशीनं एक ढलपी काढून त्यानं माझ्या हातावर ठेवली. ओली, तपकिरी, दोन बोटांत दाबली की चुरा होणारी. तिला भिजलेल्या अळंब्यांचा वास होता. मी ती जरा जास्तच वेळ नाकाशी धरली असावी, कारण तो म्हणाला, "टाका ती. हात धुवा साबणानं."

हात धुतले, पण वास दिवसभर गेला नाही. असा वास नाकात घेऊन मी एक अख्खा पावसाळा काढलेला आहे. त्याला आता पस्तीस-चाळीस वर्षं झाली. मधल्या काळात कितीतरी पावसाळे आले आणि गेले. त्यांतला एखादा लख्ख आठवत असेल असं नाही. तो एक मात्र अंगावरून उतरलाच नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली आणि अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत नोकरीला. खाली छापखाना, वर आम्ही. आमच्याकडे तेल, रंग, पाणी, सिमेंट, जे येईल ते तपासलं जाई. लाकूड हा सबनीस सरांचा प्रांत. सर छप्पन्नचे, सडसडीत, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांचा सदरा, बोलताना मध्येच थांबून श्वास घेणारे. ग्रंथालयात बसून ते परदेशी नियतकालिकं वाचत आणि वहीत टिपणं काढत. त्यातूनच त्यांना ती रंगाची तपासणी सापडली होती.

तपासणी सोपी होती. लाकडाला बुरशी लागते तेव्हा सुरुवातीला बाहेरून काही दिसत नाही. खांब तसाच गुळगुळीत असतो, ठोकला तरी आवाज बरा येतो. पण आत बुरशी लाकूड खाता खाता आम्ल सोडत असते. त्या आम्लानं रंग बदलणारं एक द्रावण, ब्रोमोफिनॉल ब्लू, सर स्वतः तयार करत. पोकळ गिरमिट हातानं फिरवत खांबात घालायचं, आतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढायची, ती पांढऱ्या टाइलवर ठेवायची आणि ड्रॉपरनं थेंब सोडायचे. निरोगी लाकडावर थेंब निळे-जांभळे राहत. बुरशीचं लाकूड असेल तर पाच-दहा मिनिटांत पिवळे पडत.

"सुतार ठोकून सांगतो ते खरं असतं," सर म्हणत, "पण त्याला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. आपल्याला दोन-तीन वर्षं आधी कळतं." ही दोन-तीन वर्षं सरांच्या आयुष्यातली मोठी मिळकत होती. प्रयोगशाळेच्या मालकांना तिचं काही नव्हतं. सरांना होतं.

त्या पावसाळ्यात लाकडाची कामं एकामागून एक आली. मरोळच्या गावठाणातल्या एका ख्रिस्ती घराचा जिना, जिथल्या म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला आधी जेवायला बसवलं आणि मग जिना दाखवला. गोरेगावला एका स्टुडिओतल्या, दिवे टांगायच्या उंच फळ्या, ज्यांच्यावर चढून मी खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. प्रत्येक ठिकाणी गिरमिट फिरवायचं काम माझं. सरांच्या छातीला ते झेपत नसे. दिवसाला दहा-बारा कांड्या काढल्या की उजवा दंड असा भरून यायचा की बसमध्ये वरचा दांडा डाव्या हातानं धरावा लागे.

घरी आलं की बाबा खुर्चीत. त्यांची गिरणी बंद पडून तीनेक वर्षं झाली होती. त्यांच्या गिरणीतल्या बुटांवर पावसाळ्यात दर आठवड्याला पांढरी लव धरे. ते ती जुन्या फडक्यानं पुसत आणि बूट पुन्हा पलंगाखाली ठेवत. आई म्हणायची, "द्या ना कोणाला तरी." ते ऐकलं न ऐकलंसं करत. लव सगळीकडेच होती. माझ्या पर्सच्या पट्ट्यावर, कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवर, देव्हाऱ्यातल्या कापसाच्या डब्याच्या झाकणावर. दिवसभर मी परक्यांच्या घरातली बुरशी शोधायची आणि संध्याकाळी आपल्या घरातली पुसायची. कंटाळा म्हणावा असं ते नव्हतं. कंटाळ्याला निदान थोडा मोकळा वेळ लागतो.

घाटकोपरची ती चाळ अशाच दिवसांत आली. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिथली माणसं अजून कुठं कुठं आहेत. दुमजली, लाकडी, समोर लांबच लांब गॅलरी. मूळचे खांब सागाचे, चांगले हातभर जाड. पण मधल्या कुठल्यातरी दुरुस्तीत गॅलरीच्या तुळया बदलल्या होत्या आणि त्या सागापेक्षा हलक्या, जंगली लाकडाच्या होत्या. मालकाला चाळ रिकामी हवी होती. ती धोकादायक आहे असा अर्ज त्यानं केला होता. भाडेकरूंच्या कमिटीला उलट कागद हवा होता, की चाळ उभी राहण्यासारखी आहे, चार ठिकाणी डागडुजी केली की झालं. त्यासाठी ते आमच्याकडे आले होते.

कमिटीचे सेक्रेटरी गावकर, चाळिशीचे, एका कचेरीत कारकून. पायात चपला न घालता गॅलरीभर फिरत आणि प्रत्येक कांडीवर वाकून बघत.

"मॅडम, निळा आला म्हणजे चांगलं ना?"

"हो."

"मग येईल निळा. साग आहे यार, साला शंभर वर्षं हलत नाही."

पहिल्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाला सगळ्यांची सामाईक मोरी होती. तिच्या शेजारच्या खोलीत परबकाकू राहत. पन्नाशीच्या, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, खानावळीसारखे चार-पाच जणांचे डबे करून देत. मालवणातून लग्न होऊन त्या थेट या खोलीत आल्या होत्या आणि तीस वर्षांनंतरही त्यांच्या बोलण्यातलं गाव गेलं नव्हतं. मी स्टुलावर चढून गिरमिट लावायला लागले तर त्या चहाचा कप घेऊन खाली उभ्या.

"चाय घे गो आधी. लाकूड खंय पळान जाता काय?"

मी उतरले. चहात आलं भरपूर होतं. गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी केळीच्या पानांचा भारा टेकवला होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. पाऊस दुपारपासून एका चालीनं पडत होता. सर दम लागला म्हणून खाली गावकरांच्या खोलीत जाऊन बसले होते. माझी त्या दिवसाची ही दहावी कांडी. तिच्यानंतर राहणार होती एकच, अकरावी. मोरीखालच्या तुळईची.

चहा पिऊन ती काढली, मग मी तळमजल्यावर गेले, मोरीच्या बरोबर खाली स्टूल ठेवलं आणि हात वर करून गिरमिट फिरवायला लागले. ते सहज गेलं. इतकं सहज की बरं वाटलं. दंडात जीव नव्हता, आणि लाकूड मऊ लागलं याचं मला मनापासून समाधान वाटलं. हे मी स्वतःला पुढं कितीदा तरी सांगितलं आहे. मला तिथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

कांडी अखंड आली नाही. चार-पाच तुकडे आले, ओले, गडद. गिरमिटाची धार गेली असेल असं मनात म्हटलं. तुकडे टाइलवर एकापुढे एक जुळवले आणि थेंब सोडले. निळे. छान, गडद निळे. दहा मिनिटं वाट बघितली. निळेच.

वरून कठड्यावर वाकून परबकाकूंनी विचारलं, "निळो इलो?"

"आला, काकू."

त्यांनी वरूनच हात जोडले. मला नव्हे, तुळईला. मी वहीत लिहिलं, क्रमांक अकरा, निळा, चांगले.

अहवाल गेला. वरच्या गॅलरीतले दोन खांब बदला, बाकी सर्व सुस्थितीत. चार दिवसांनी गावकर पेढ्यांचा पुडा घेऊन अंधेरीला आले. पालिकेच्या वॉर्ड कचेरीत त्यांनी कागद दाखल केला होता आणि चाळ रिकामी करायची गोष्ट तूर्त थांबली होती. सरांनी पेढा खाल्ला नाही, त्यांना साखर होती. पण त्यांचा चेहरा उजळला. सहा वर्षं ज्या तपासणीला कोणी विचारत नव्हतं, तिनं तीसेक बिऱ्हाडं वाचवली होती. मी दोन पेढे खाल्ले.

त्या संध्याकाळी भांडी धुताना कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये ते तुकडे सापडले. फेकायचे राहून गेले होते. आठवडाभरात वाळले होते आणि त्यांच्यावर आडव्या-उभ्या बारीक भेगा पडून चौकोन चौकोन झाले होते. एक तुकडा अंगठ्याखाली दाबला. तपकिरीसारखी पूड झाली.

मी उभी राहिले तशीच, नळ चालू.

निळा रंग आणि पुडीसारखं लाकूड एकत्र कसं असेल? मी तो चुरा डिस्टिल्ड पाण्यात भिजवला आणि पाण्यात लिटमस बुडवला. लाल कागद निळा झाला. कोणत्याही झाडाचं लाकूड असं नसतं; लाकूड थोडंफार आंबटच असतं. या तुकड्यांत बाहेरून काहीतरी आलं होतं. मग लक्षात आलं. वर मोरी. मोरीला जुना चुन्याचा कोबा. इतकी वर्षं धुण्या-भांड्यांचं पाणी त्या चुन्यातून झिरपून खालच्या तुळईत मुरत होतं. बुरशी आम्ल सोडत होती आणि चुना ते मारत होता. आमच्या रंगाला आम्ल दिसलंच नाही. रंग खोटं बोलला नव्हता. त्याला जे विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. एक तुकडा पाण्यात मऊ करून दाढीच्या पात्यानं त्याचे पातळ काप काढले. हे काम मला नीट येत नसे, पहिले सात-आठ काप फुकट गेले. मग सॅफ्रानिन, मग ॲनिलिन ब्लू, जसं कॉलेजात शिकलो होतो तसं. या रंगांत लाकूड लाल होतं आणि बुरशीचे धागे निळे. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. लाल कमी होतं. पेशीपेशीतून निळ्या तंतूंचं जाळं, जसं उसवलेल्या स्वेटरच्या आत बघावं. एकाच आठवड्यात मी दोनदा निळा रंग बघत होते आणि या वेळी त्याचा अर्थ नेमका उलटा होता.

सर आले तेव्हा मी खुर्ची सोडली. ते बसले. बराच वेळ डोळा लावून होते. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"कुठली?"

"अकरा नंबर. मोरीखालची."

"चुना?"

"हो, सर."

खालच्या छापखान्याचं यंत्र सुरू झालं, आमची टेबलं नेहमीप्रमाणे थरथरायला लागली. "अहवाल गेलाय, सुलभा," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"कांडी अखंड होती?"

हा प्रश्न येणार हे मला कालपासून ठाऊक होतं. "नव्हती. तुकडे आले होते. मी लिहिलं नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, जशी एखाद्या हिशेबाची बेरीज जुळल्यावर हलवतात. मग लेटरहेड ओढून स्वतःच्या हातानं पत्र लिहायला लागले. क्रमांक अकराबाबतचा आमचा निष्कर्ष चुकीचा होता. तुळई बुरशीनं आतून पोखरलेली आहे. तिच्यावर आणि तिच्याखाली असलेल्या आठ खोल्या तातडीनं रिकाम्या कराव्यात. सही केली. नेहमीसारखीच, वळणदार.

"तुम्ही येता ना, सर?"

"नको. तू जा." श्वास घ्यायला ते थांबले. "मी आलो तर मी त्यांना समजावत बसेन की रंग बरोबरच होता. सहा वर्षं घातली आहेत मी या रंगावर. मला ते आवरणार नाही. तू जा."

आज मी त्या वेळच्या त्यांच्या वयापेक्षा मोठी आहे. तेव्हा मला ते पळपुटे वाटले होते. आता तसं वाटत नाही. आपण कुठं कमी पडू हे आधीच ओळखून बाजूला होणारी माणसं मी पुढं फार कमी पाहिली.

अंधेरीहून घाटकोपरला त्या दिवशी बसला दीड तास लागला. साकीनाक्याला पाणी भरलं होतं. मांडीवर पर्स, पर्समध्ये पत्र, खिडकीच्या रबरातून पाण्याची धार खांद्यावर. सांगायचं वाक्य मी जुळवत होते आणि ते प्रत्येक स्टॉपला मोडत होतं. खरं सांगायचं तर घाटकोपर येऊ नये असं वाटत होतं. बस बंद पडावी, रस्ता बंद व्हावा, असलं काहीतरी. पण बस चालली होती, सावकाश का होईना.

गावकर नुकतेच कचेरीतून आले होते. त्यांच्या खोलीत कमिटीचे तीन-चार जण बसले होते, बाहेर गॅलरीत बायका. गणपती तोंडावर होते, भिंतीला टेकून मखराचे थर्माकोलचे तुकडे ठेवलेले. मला बघून ते हसले. "या मॅडम, बसा. चहा टाक गं."

मी उभ्यानंच पत्र दिलं. त्यांनी वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"गेल्या आठवड्यात निळा होता ना?"

"होता."

"मग? रंग बदलला आता?"

"रंग तोच आहे. वरच्या मोरीतून चुना मुरलाय तुळईत. चुन्यामुळं पिवळा पडला नाही."

"म्हणजे चुन्यानं फसवलं."

"चुन्यानं. आणि मी. कांडी तुकड्यातुकड्यानं आली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

बाहेर पन्हाळीचं पाणी पिंपात पडत होतं. गावकरांनी पत्राची घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. आवाज चढवला नाही.

"मॅडम, हे तुम्ही परत न्या. आम्ही घेतलंच नाही असं समजा. हा कागद मालकाच्या हातात पडला ना, तर तो आठ खोल्यांवर थांबणार नाही. सगळी चाळ काढेल. तीस बिऱ्हाडं. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी पत्र घेण्यासाठी हात पुढं केला नाही. पत्र त्यांच्या हातात, माझे हात पर्सवर, असे आम्ही उभे.

दारातून परबकाकू म्हणाल्या, "कुठल्या आठ खोल्या गो?"

"जिन्यापासून मोरीपर्यंत. वरच्या चार, खालच्या चार."

"माझी धरून?"

"हो, काकू."

"माका दाखव."

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका," गावकर म्हणाले.

"गावकरानू, माझी खोली हा ती. मी बघतंय."

आम्ही सगळे मोरीखाली जमलो. माझ्याजवळ ना गिरमिट होतं, ना रंग. रंग असता तरी काढला नसता. हातात फक्त छत्री होती, बाबांची जुनी, लांब दांड्याची, पुढं लोखंडी टोक असलेली. स्टुलावर चढले, तुळईच्या भिंतीकडच्या टोकाला छत्रीचं टोक टेकवलं आणि दाबलं. फार जोर लावला नाही. टोक आत गेलं, मग त्याच्या मागची काठी गेली. वीतभर. काढली तेव्हा भोकातून तपकिरी पाणी ओघळून माझ्या कोपरापर्यंत आलं.

कोणाच्या तरी बायकोनं कडेवरचं मूल नकळत दुसऱ्या बाजूला घेतलं. गावकर पुढं आले, छत्री माझ्या हातून घेऊन त्यांनी स्वतः आणखी एका जागी दाबली. ती तशीच गेली. त्यांनी मला छत्री परत दिली. मग ते जिन्याच्या पायरीवर बसले, भिजलेल्या पायरीवर, कचेरीच्या पँटसकट.

"वाट लावलीत, मॅडम," एवढंच म्हणाले. त्या म्हणण्यात राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

परबकाकू वर गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. पण त्या डब्यांची पितळी पातेली एकेक करून खाली आणायला लागल्या होत्या. चौथ्या खेपेला मी पुढं होऊन हात लावला. त्यांनी पातेलं दिलं, माझ्याकडे बघितलं नाही.

त्या रात्री चाळीतल्या पुरुषांनी बांबू आणि बल्ल्यांचे टेकू दिले आणि आठ बिऱ्हाडं शेजाऱ्यांच्या खोल्यांतून विखुरली. मी तेव्हा तिथं नव्हते, हे नंतर कळलं. पुढचंही तुकड्यातुकड्यानंच कळलं. मालकाला कागद मिळालाच, कसा ते ठाऊक नाही. पण गावकरांनी आधीच पालिकेकडे त्या एका बाजूचं काम वेगळं मांडलं होतं, त्यामुळं बाकीची चाळ वाचली. आठ बिऱ्हाडांना संक्रमण शिबिरात पाठवलं गेलं, लांब, खाडीच्या बाजूला. बाजू पुन्हा बांधली की परत यायचं असं ठरलं होतं. दिवाळीनंतर ती बाजू उतरवली. पुन्हा बांधली गेली नाही. उरलेली चाळ मात्र वीस-बावीस वर्षं उभी होती, मग तिथं टॉवर आला.

ती तुळई कधी पडली नाही. पडायच्या आधीच तिला काढलं. त्यामुळं ती त्याच पावसाळ्यात पडली असती की आणखी दहा वर्षं तग धरून राहिली असती, हे कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. लोकांना वाटतं की खरं सांगितलं की मन हलकं होतं. माझं झालं नाही. पडली असती तर मी अपराधी ठरले असते, हे नक्की. न पडल्यामुळं मी काय ठरले हे मात्र कधी ठरलंच नाही. आठ घरांच्या चुली माझ्यामुळं हलल्या, एवढं मात्र नक्की ठरलं. एकदा घाटकोपरच्या भाजीबाजारात गावकर समोरून आले. ओळखलं त्यांनी. मग एका दुकानात शिरले, बांगड्यांच्या.

सबनीस सरांनी त्यानंतर कोणाच्याही अहवालात फक्त रंगावर निष्कर्ष दिला नाही. प्रत्येक कांडीपुढं दोन रकाने वाढवले: कांडी अखंड की तुटकी, आणि जवळ चुना आहे का. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला ती टिपणांची वही दिली आणि म्हणाले, "शेवटचं पान वाच. आधीची जुनी झाली." शेवटच्या पानावर त्या चाळीचा सगळा वृत्तांत होता, तारीखवार, काही न लपवता. चूक कोणाची या ओळीपुढं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. माझं कुठंही नव्हतं. मी ते खोडून माझं लिहावं असं तेव्हा वाटलं. लिहिलं नाही. तेही राहून गेलं.

मी पुढं पाण्याच्या तपासणीकडे वळले. लाकूड सोडलं. लग्न झालं, आई गेली, बाबा गेले. निवृत्तीपर्यंत बाटल्यांतलं पाणी तपासत राहिले. पाणी तपासताना हात दुखत नाहीत. पण त्या पावसाळ्यातला शीण वेगळा होता. तो दंडातून उतरला आणि दुसरीकडे कुठंतरी जाऊन बसला. पावसाची संततधार लागली की कधीकधी जाणवतो. गुडघ्यांचंही आता वय झालंय, त्यामुळं त्याचं कुठलं आणि गुडघ्यांचं कुठलं, हे वेगळं करता येत नाही.

परबकाकू मला पुन्हा भेटल्या त्या दहा-बारा वर्षांनी, मुलुंडच्या एका दवाखान्यात. मी मुलाला घेऊन गेले होते, त्या एका तरुण सुनेबरोबर बाकावर बसल्या होत्या. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, काळा चष्मा. मी ओळखलं, पण बोलावं की नाही ते ठरेना. शेवटी जवळ जाऊन वाकून म्हटलं, "परबकाकू, मी सुलभा. चाळीतल्या लाकडाची तपासणी करायला आले होते."

त्यांनी चष्म्याआडून माझ्या दिशेनं बघितलं. दिसत कितीसं होतं कोण जाणे. मग माझा हात चाचपला, मनगटापासून कोपरापर्यंत, जसं बायका लहान मुलाचं अंग चाचपतात.

"बारीक झालंस गो."

"तुम्ही कुठं असता आता? मुलाकडं?"

"झील घेऊन गेलो विरारला. बरा हा." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "हीच ती गो, छत्रीवाली." सुनेनं मान हलवली, म्हणजे घरात माझी गोष्ट सांगितली गेली होती. कशी सांगितली गेली होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

आत त्यांचा नंबर आला. सुनेनं त्यांना काखेत हात घालून उठवलं. उठता उठता त्यांनी माझा हात सोडला नाही.

"तू त्या दिवशी परत इलं नसतंस ना," त्या म्हणाल्या, "तर आमी थंयच रवलो असतो."

थंयच रवलो असतो. तिथंच राहिलो असतो. घरात राहिलो असतो, की त्या घराखाली राहिलो असतो? विचारायला तोंड उघडलं, तोवर कंपाउंडरनं दार उघडून धरलं होतं. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि पुढच्या पायरीचा अंदाज घेत त्या सावकाश आत गेल्या.